गेस्तुरची मूठ

आमच्या गावात गाडीचं मडगार्ड कापायचं असलं की लोक गेस्तुरकडे जायचे, आणि गेस्तुरकडे जायचं म्हणजे आधी चार शिव्या खाऊन घ्यायच्या. "कुणी सांगितली होती एवढी रुंद चाकं? बर्फावर जायचंय की शेजाऱ्याला जळवायचंय?" हे त्याचं स्वागत. गाडी एकदा शेडमध्ये घेतली की मात्र माणूस मुका. मग तो, त्याचा हातोडा आणि पत्रा. बाकीचं जग गेलं खड्ड्यात.

आता आमच्याकडे रुंद चाकं लावणं ही काही हौस नाही. हिमनदी दाराशी आहे. अरुंद चाकाची गाडी तिच्यावर घातली की ती दरवाजापर्यंत रुतते आणि मग बसा फावडं घेऊन. रुंद टायर लावायचा, त्याची हवा सोडायची, इतकी सोडायची की पोट सुटलेल्या गृहस्थासारखा तो दोन्ही अंगांनी बाहेर येतो, तेव्हा कुठे गाडी भुसभुशीत बर्फावर तरंगते. पण हेच सुटलेलं पोट मडगार्डला घासतं. सरळ जाताना नाही, वळताना. पुढचं चाक जितकं बाहेर काढाल तितका वळताना त्याचा फेरा मोठा, आणि फेरा मोठा झाला की ते मागे दरवाजाच्या अंगाला येतं. नेमक्या त्याच कोपऱ्यात आतून दोन पत्र्यांची शिवण असते, कोयत्याच्या पात्यासारखी उभी. टायर तिला लागला की फाटला. मग वर हिमनदीवर तुम्ही आणि तुमचा देव.

म्हणून तो कोपरा कापतात. दुसऱ्या गावांत करवत घेतात आणि दरवाजापर्यंत सरसकट पत्रा उडवतात, वरून फायबरची रुंद झालर ठोकली की झालं काम. गेस्तुरला ते बघवायचं नाही. "हे कापणं नव्हे, हा खाटीकखाना आहे," तो म्हणायचा. तो कमीत कमी कापायचा. शिवणीला चिरा द्यायचा, तापवायचा, हातोड्याने हळूहळू आतल्या आत निजवायचा आणि वरून असं वेल्डिंग मारायचा की पुन्हा कुणाच्या बापाला उघडता येऊ नये. त्याने केलेली गाडी जन्मतःच तशी वाटायची. त्याचा त्याला फार अभिमान होता. असावाच. पण अभिमानाची एक खोड असते, तो माणसाला तपासायचं विसरायला लावतो.

तपासायची रीत त्याची स्वतःची होती. शेडमागे काळा खडक आहे. गाडीचं पुढचं एक चाक त्याच्यावर चढवायचं, म्हणजे ते मडगार्डमध्ये पार वर दबतं. हवा सोडून टायर पोटावर आणायचा. स्टिअरिंग शेवटपर्यंत त्या बाजूला फिरवायचं. आणि मग टायर आणि पत्रा यांच्या मधल्या फटीत गेस्तुरने आपली मूठ घालायची. मूठ मावली की गाडी वर जायला मोकळी. मोजपट्टी त्याला चालायची नाही. "मोजपट्टी सरळ असते, टायर सरळ असतो का?" तो विचारायचा. त्याची मूठ होती दगडासारखी, बोटांची पेरं अक्रोडाएवढी. ती जिथे मावेल तिथे टायर कितीही नाचला तरी लागायचा नाही. आणि त्याच्या मुठीनंतर तिथे दुसऱ्या कुणी हात घालायचा नाही, हा गावचा अलिखित कायदा. हात घालणं म्हणजे त्याच्या तोंडावर 'तू खोटारडा आहेस' म्हणण्यासारखं. लोक नुसतं विचारायचे, "मूठ मावली का रे?" तो म्हणायचा, "मावली." विषय संपला.

असा हा माणूस. जन्म हिमनदीच्या पायथ्याच्या मेंढ्यांच्या वाडीवरचा. एका वसंतात नदीने पात्र बदललं आणि वाडीचं कुरण समुद्रात नेऊन टाकलं, तेव्हा हा बोटीवर गेला. बोटीवर कप्तानाशी पटेना, स्वयंपाक्याशी पटेना, मासळीशीसुद्धा पटेना. पटलं ते फक्त गोदीतल्या पत्र्याशी. मासळीच्या कारखान्यात रागना भेटली. त्याने शिवी दिली की ही हसायची. अशी बाई दुसरी मिळणार नाही हे त्याला पहिल्याच दिवशी कळलं, आणि तेवढं एक शहाणपण त्याने आयुष्यात वेळेवर केलं. एकच मुलगी, ब्रिंजा. ती कारखान्यात मुकादम झाली, आणि आमच्या बचाव पथकाची गाडीही तीच चालवायची. बापाचा तोंडाळपणा तिने घेतला होता, पण बापासारखी रुसायची नाही.

ज्या हिवाळ्याची ही गोष्ट, त्या हिवाळ्यात गेस्तुर आतून खंगत होता, आणि आम्हाला कुणाला पत्ता नव्हता. नाताळला रागनाने धुरावलेलं मटण पुढे ठेवलं तर त्याने ताट सारलं. "धूर जास्त लागलाय," म्हणाला. मग वाळकी मासळी नको झाली, मग लोणीही. पिवळा साखरेचा खडा दातात धरून काळी कॉफी तेवढी घ्यायचा, आणि तीही पोटात ठरायची नाही. शेडमागे जाऊन ओकून यायचा आणि तोंड पुसत पुन्हा हातोडा उचलायचा. पट्ट्याला खिळ्याने नवी भोकं पाडली. थंडीत माणूस लोकरीचे तीन थर घालतो. आत कोण उरलंय, कोण बघतं?

एका जागी दिसलं असतं. गरम पाण्याच्या कुंडात. आमचं गाव संध्याकाळी तिथे बसतं, मानेपर्यंत पाण्यात, आणि जगाचा निकाल लावतं. नाताळनंतर गेस्तुर कुंडावर यायचा बंद झाला. आता आमच्याकडे कुंडावर न येणारा माणूस म्हणजे एकतर मेलेला, नाहीतर भांडलेला. गेस्तुर कुणाशी तरी भांडला असणार असं आम्ही धरून चाललो. कुणाशी, तेही विचारलं नाही. यादी मोठी होती.

रागना मात्र त्याच्या शेजारी झोपत होती. "डॉक्टरीणबाईंकडे जाऊन ये," ती म्हणाली.

"जाऊन काय करू? ती सांगणार, खा. तू काय वेगळं सांगतेस?"

"तुझ्या बरगड्या टोचतात मला रात्री."

"मग तिकडे तोंड करून झोप."

झाकली मूठ सव्वा लाखाची, असं त्याचं चाललं होतं. गावाने आजारी म्हटलं की काम जातं, आणि काम गेलं की गेस्तुर नावाचं काही उरत नाही, ही त्याची भीती. ती त्याने रागनालाही सांगितली नाही.

पथकाची नवी गाडी आली ती याच दिवसांत. वर्षअखेरीला गावभर फटाके विकून पथकाने ती घेतली होती. आम्ही सगळ्यांनी तिच्यासाठी आभाळात दारू उडवली होती म्हणा ना. ब्रिंजा ती शेडमध्ये घेऊन आली. चाकं आधीच्या गाडीपेक्षाही रुंद.

"बाबा, या खेपेला हात आखडू नकोस. मागचा कोपरा दरवाजापर्यंत उडव."

"का? तुला खाटीक हवा असेल तर पलीकडच्या गावात जा."

"लग्नाची वरात नाही काढायची हिच्यातून. वर बर्फात कोण बघणार आहे तुझी कलाकुसर?"

"मी बघणार आहे," गेस्तुर म्हणाला. "इथून जाताना तरी बघीन ना?"

ब्रिंजा हसली आणि गेली. गेस्तुरने नेहमीपेक्षा जास्त दिवस घेतले. हातोडा जड लागत होता. दहा घावांचं काम वीस घावांत होत होतं. पण शिवण निजवली, वेल्डिंग मारलं, रंग दिला. मग गाडी खडकावर चढवली, हवा सोडली, स्टिअरिंग आधी डावीकडे, मग उजवीकडे. दोन्हीकडे मूठ घातली.

"मावली?" ब्रिंजाने विचारलं.

"मावली."

तिने चावी घेतली. तिचा हात त्या फटीपासून वीतभर लांब होता. पण बापाच्या मुठीनंतर हात घालायचा नाही, हे तिला चालायला लागण्याआधीपासून ठाऊक.

मार्चमध्ये एका सकाळी बोलावणं आलं. दोन परदेशी, नवराबायको, स्कीवरून हिमनदी ओलांडत होते. नवरा क्लेमेन्स, बायको ऊर्सुला. ऊर्सुलाच्या पायाखालचा बर्फाचा पूल खचला आणि ती भेगेत पडली. खोल नाही, पण आपटली वाईट. नवऱ्याने दोरीने ओढून वर काढली, तंबू ठोकला, आणि तो तंबू वारा चिंधी चिंधी करत होता. राजधानीतलं हेलिकॉप्टर वाऱ्यापुढे जमिनीला खिळून होतं. म्हणजे आमची गाडी.

ब्रिंजा चालवायला आणि सोबत ओत्तार. ओत्तार शाळेत गणित शिकवायचा, अंगाने दरवाजाएवढा, आणि मरणाच्या दारातही चेष्टा केल्याशिवाय राहणार नाही असा. इकडे पथकाच्या घरात वायरलेसवर हेर्दीस बसली. ती किराण्याचं दुकान चालवते आणि तिच्या आवाजात कधी घाई नसते, म्हणून तिला तिथे बसवतात. गेस्तुर येऊन तिच्या शेजारी खुर्चीवर बसला. पथक वर गेलं की तो येऊन बसायचाच. गाडी त्याची असायची ना. गावात घराघरांत स्वयंपाकघरातल्या फळीवर वायरलेसचा संच असतो. सगळं गाव ऐकत होतं.

वर जाताना काही अडलं नाही. चढण सरळ होती, बर्फ टणक. दुपारच्या आत त्यांनी तंबू गाठला.

"दोघं जिवंत," ब्रिंजाचा आवाज आला. "बाई शुद्धीवर आहे. पोटात दुखतंय म्हणते, कमरेचं हाड मोडलंय बहुतेक. पांढरीफटक पडलीय."

हेर्दीसमागे डॉक्टरीणबाई उभ्या होत्या. त्यांनी माईक ओढून घेतला. "ब्रिंजा, आत रक्त वाहत असणार. मी रुग्णवाहिका घेऊन हिमनदीच्या पायथ्याला येते. गाडी सांभाळत बसू नकोस, तिला सांभाळ. लवकर आण."

"आणते."

गेस्तुरने मान डोलावली, जणू त्यालाच सांगितलं होतं.

परतीची वाट वेगळी घ्यावी लागली. वाऱ्याने चढणीवर नवा बर्फ आणून ओतला होता, आणि सरळ उतरणीत भेगा झाकल्या गेल्या होत्या. वळसा घालून यायचं, भेगांना उजवीकडे ठेवत, सतत डावीकडे वळत. ब्रिंजाने टायरची हवा आणखी सोडली. गाडीत आता चार माणसं, सामान. थोड्या वेळाने ओत्तार वायरलेसवर आला.

"म्हाताऱ्या, आहेस का रे तिथे? तुझी गाडी डावीकडे वळली की दात खाते."

"कुठे?"

"पुढच्या डाव्या चाकाला. मागच्या अंगाला. करकर करकर."

"बर्फ अडकला असेल आत. लाथ घाल."

"घातली. बर्फ नाही. रबराचा वास येतोय."

मग ब्रिंजा आली. उतरून बघून आली होती, धापा टाकत होती. "बाबा, टायरच्या अंगावर चर पडलाय, आतले धागे दिसायला लागलेत. तो कोपरा लागतोय."

"लागायचा नाही," गेस्तुर म्हणाला. "मूठ मावली होती."

"लागतोय म्हणजे लागतोय! मी काय इथून गाणी म्हणतेय?"

गेस्तुर उठला. पथकाच्या घराबाहेर त्याची स्वतःची जुनी गाडी उभी होती. तिचा कोपरा त्यानेच कापलेला, किती वर्षं झाली. त्या फटीत मूठ घातली की पेरांची सालं निघायची, इतकी ती त्याच्या मुठीच्या मापाची. स्टिअरिंग शेवटपर्यंत फिरवून तो खाली उतरला, मोजा काढला आणि मूठ घातली. मूठ आत गेली आणि नुसती हलत राहिली. शेजारून दुसऱ्या हाताची दोन बोटंही आत गेली. त्याने हात बाहेर काढून पाहिला. नाताळपासून तो या हाताने हातोडा मारत होता, चमचा धरत होता, पण बघितला असा आजच. कातडीखाली हाडं मोजता येत होती.

वारा असा होता की उभं राहता येईना. तो तसाच हात उघडा ठेवून आत आला आणि हेर्दीसला म्हणाला, "दे तो माईक."

"ब्रिंजा, जागा खोटी आहे."

"म्हणजे?"

"माझी मूठ बारीक झालीय. हाताला मांसच राहिलेलं नाही. नाताळपासून खाल्लेलं पोटात ठरत नाही माझ्या. मी त्या फटीत घातली ती मूठ नव्हती गं, नुसती हाडं होती."

वायरलेसवर फक्त वारा. गावातल्या सगळ्या स्वयंपाकघरांत तो ऐकू येत होता, रागनाच्यासुद्धा. तिने परातीतलं पीठ तसंच टाकलं आणि कोटही न घेता पथकाच्या घराकडे निघाली.

"हे तू आत्ता सांगतोयस?" ब्रिंजा म्हणाली. "इथे?"

"आत्ता कळलं."

"बरं. रडायचं ते घरी रडू. आता काय करू ते सांग."

"टायरमध्ये हवा भर. कडक झाला की पोट आत जाईल, लागणार नाही."

त्यांनी हवा भरली. टायर लागायचा थांबला आणि गाडी रुतली. नव्या बर्फात चाकं पार आसापर्यंत गेली. हवा सोडली तर टायर फाटतो, भरली तर गाडी बुडते. दुसरं चाक सोबत कुणी नेत नाही. एवढं धूड ठेवणार कुठे? पलीकडच्या गावची गाडी निघाली होती, ती नदीच्या उतारावरच अडकली. गेस्तुरने डोळे मिटले. त्याला तो कोपरा आतून दिसत होता, कुठे चिरा दिल्या, कुठे वेल्डिंग, सगळं.

"कुऱ्हाड आहे?"

"आहे."

"झालर उचकटून फेक आधी. मग खालच्या पायरीपासून वर दरवाजाच्या बिजागरीपर्यंत तोड. सगळा कोपरा. दरवाजाला लागलं तर लागू दे, दरवाजा गेला तर जाऊ दे. तोड!"

ओत्तारने कमरेला दोरी बांधली आणि तो बाहेर पडला. बिजागरीजवळ घाव घालायचे तर दरवाजा उघडा हवा. म्हणजे गाडीत जी काही ऊब होती ती गेली. ब्रिंजाने स्वतःचा कोट ऊर्सुलावर टाकला. क्लेमेन्स बायकोचं डोकं मांडीवर घेऊन तिच्याशी बोलत होता, ती सुरुवातीला उत्तरं देत होती. माईक चालू राहिला होता, म्हणून तेही आम्ही ऐकलं. भाषा कळत नव्हती. आवाज कळत होता.

झालर लगेच निघाली. पातळ पत्राही फाटला. पण शिवण निघेना. गेस्तुरने ती तापवून, निजवून, एकावर एक दाबून वेल्ड केली होती, ती दोन पत्र्यांची आता एक पट्टी झाली होती, जाड, नांगराच्या फाळासारखी. कुऱ्हाड तिच्यावरून घसरत होती.

"हरामखोरा, काय वेल्डिंग मारलंयस रे!" ओत्तार ओरडला. आधीच्या कुठल्याही दिवशी गेस्तुरने हे कौतुक म्हणून घेतलं असतं आणि आठवडाभर छाती काढून फिरला असता.

"खालून मार! खालच्या टोकाला टाका कमी आहे, तिथून उचल!"

"डोळ्यांत बर्फ जातोय, खाली काय दिसतंय मला?"

"हाताने चाचपड!"

घाव ऐकू येत राहिले. हेर्दीसने एकदाही घड्याळाकडे पाहिलं नाही, पण बाकी सगळे पाहत होते. रागना येऊन गेस्तुरच्या खुर्चीमागे उभी राहिली. त्याच्या खांद्यावर हात ठेवायला गेली आणि लोकरीच्या आत काय लागतंय ते कळून तिने हात तसाच तिथे दाबून धरला. बोलण्यासारखं तिने सगळं आधीच सांगून ठेवलं होतं.

शेवटी पट्टी तुटली. हवा पुन्हा सोडली, रुतलेली गाडी फावड्याने मोकळी केली, ब्रिंजाने स्टिअरिंग डावीकडे पार फिरवलं, आणि चाक गप्प फिरलं. ओत्तार म्हणाला, "चालली रे, चालली!" पथकाच्या घरात कुणीतरी टाळी वाजवली. गेस्तुरने नाही.

ते खाली येत होते. धागे दिसणारा टायर टिकला. हिमनदीची कड, मग काळी वाळू, मग रुग्णवाहिकेचे दिवे दिसायला लागले असं ब्रिंजाने सांगितलं. आणि त्यानंतर जरा वेळाने, अगदी नेहमीच्या आवाजात, मासळीच्या पेट्या मोजल्यासारखी ती म्हणाली, "हेर्दीस, ऊर्सुला गेली."

त्यानंतर आमच्या गावाने जे करायचं ते केलं. एकेक जण गेस्तुरच्या घरी आला, ओट्यापाशी उभा राहिला आणि म्हणाला, "वारा फार होता." हेर्दीस म्हणाली. पाद्री म्हणाला. ओत्तारसुद्धा, कानाला पट्टी बांधून आला आणि म्हणाला, "म्हाताऱ्या, अशा वाऱ्यात गाडी खाली आली हेच खूप. तुझ्याशिवाय आली नसती." वाऱ्याला तोंड नाही, त्याच्या माथी काहीही मारावं. आमचा हेतू चांगला होता. लहान गाव, उद्या पुन्हा एकमेकांची तोंडं बघायची. शिवाय त्याची ती मान, तो हात बघितल्यावर कुणाची जीभ उचलली असती?

गेस्तुर प्रत्येकाला एकच सांगायचा. "वारा नव्हता. कोपरा होता." आणि समोरचा म्हणायचा, "असू दे रे."

डॉक्टरीणबाईंनी राजधानीतल्या दवाखान्यात त्याच्यासाठी जागा करून ठेवली. तो जाईना. रागना रडली, ब्रिंजा ओरडली. "माझ्याशी आधी कुणीतरी खरं बोला," तो म्हणायचा. "मग बघू पोटाचं." ब्रिंजाही खरं बोलली नव्हती. ती फक्त गप्प होती. ती गाडीत होती, ती बाई तिच्या कोटाखाली गेली होती, आणि डॉक्टरीणबाई रुग्णवाहिकेपाशी उशिराबद्दल काय म्हणाल्या तेही तिने ऐकलं होतं.

बायकोची शवपेटी घेऊन घरी जायच्या आदल्या दिवशी क्लेमेन्स आला. पायाच्या बोटांना बँडेज, काठी टेकत. बगलेत बाटली, कागदात गुंडाळलेली. त्याला गावात कुणीतरी सांगितलं होतं की गाडी कशी सोडवायची ते वायरलेसवरून ज्याने सांगितलं, तो म्हातारा या घरात राहतो. तो आभार मानायला आला होता.

रागनाने कॉफी ओतली, तळलेल्या गोड वेटोळ्यांची बशी ठेवली. क्लेमेन्सने बाटली टेबलावर ठेवली, गेस्तुरचा हात दोन्ही हातांत घेतला आणि बोलत राहिला. गेस्तुरला इंग्रजी येत नव्हतं. ब्रिंजा मधे बसली.

"आभार मानतोय," ती म्हणाली. "तू नसतास तर तोही वर राहिला असता, म्हणतो."

गेस्तुरने हात सोडवून घेतला. "त्याला सांग. मडगार्ड मी कापलं. कमी कापलं, कारण मला माझ्या कामाची मिजास होती. तपासायची माझी मूठ वाळली होती आणि मी आजार लपवत होतो, म्हणून फट लहान राहिली. टायर त्यामुळे लागला. ती शिवण तुटायला वेळ लागला तोही माझ्याच वेल्डिंगमुळे. सांग."

ब्रिंजाने काहीतरी सांगितलं. लहानसं. क्लेमेन्सने मान हलवली आणि पुन्हा त्याच्या हाताकडे हात नेला.

"मी एवढं बोललो आणि तू दोन शब्दांत आटोपलंस?"

"बाबा, तो बायको पुरायला चाललाय."

"म्हणूनच सांग. सगळं गाव माझ्या तोंडावर वारा घालतंय, तू तरी घालू नकोस. सांग त्याला, नीट."

ब्रिंजाने टेबलाकडे बघत सांगायला सुरुवात केली. या खेपेला बराच वेळ लागला. मधे तिने हाताने चाक वळवून दाखवलं, मग मूठ दाखवली. रागना चुलीकडे तोंड करून उभी होती. क्लेमेन्सने कप खाली ठेवला. बोलणं संपल्यावर त्याने ब्रिंजाला हळू आवाजात एक प्रश्न विचारला. ब्रिंजाने बापाकडे बघितलं नाही. तिने एका शब्दात उत्तर दिलं.

"काय विचारलं त्याने?"

"चाक अडलं नसतं तर ती वाचली असती का."

"मग?"

"हो म्हटलं."

क्लेमेन्स उठला. काठी घेतली. टेबलावरची बाटली उचलून त्याने पुन्हा बगलेत धरली आणि कुणाचाही निरोप न घेता निघून गेला. काठीचा आवाज फाटकापर्यंत ऐकू आला.

ब्रिंजा रडत होती, तोंडावर हात दाबून. "मला माफ कर, बाबा."

"कशाची माफी? बरं केलंस, पोरी," गेस्तुर म्हणाला. त्याने टेबलाला धरून उभं राहायचा प्रयत्न केला, पहिल्यांदा जमलं नाही, दुसऱ्यांदा रागनाने हात दिला. "आण माझा कोट. कुठल्या दवाखान्यात न्यायचंय तिथे न्या आता."